बसून घ्या, आणि मग ऐका

"आई, मी तुझा तिसरा मुलगा," बुवाच्या तोंडून मेलेला थुआन बोलला, आणि माझ्या हातातला चहाचा पेला हातातच राहिला.

मा तामच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. मधोमध चटईवर खांगबुवा डोळे मिटून डोलत होता. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर घाम, समोर उदबत्त्या. मा ताम नव्वदीच्या पुढची. लढाई संपल्यापासून ती एकाच गोष्टीची वाट बघत होती: थुआनची हाडं घरी यावीत, नारळीच्या बागेत नवऱ्याशेजारी पुरली जावीत, मग आपण डोळे मिटावेत. तिचे कान गेलेत असं तिच्या सुना म्हणतात. पण हवं तेव्हा ते बरोबर चालतात.

"तिसरा?" ती म्हणाली. "थुआन माझा दुसरा. स्वतःचा नंबर विसरलास होय रे?"

दोन-चार बायका तोंडावर हात धरून हसल्या. बुवाने डोळा उघडला नाही.

"तिकडे गेल्यावर मोजणी विसरते गं. आईचं तोंड तेवढं आठवतं."

झालं, म्हातारी रडायला लागली. मग बुवाने ठिकाण सांगितलं. तायनिन्हची दफनभूमी, चौथी रांग, चौदा नंबरची कबर, दगडाचा कोपरा उडालेला. "जाऊन बघा. कबरीवर काडी रोवा, काडीवर अंडं ठेवा. अंडं उभं राहिलं नाही तर मला जोड्याने मारा."

शनिवारी गाडी करून जायचं आणि हाडं घेऊन यायचं ठरलं. मी मात्र अंड्याचा विचार करत नव्हते. जगात थुआन हा तिसरा मुलगा एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण परलोकात नव्हतं. ते होतं आमच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या एका जुन्या प्रतीत.

आता हे सांगायलाच हवं. आमच्याकडे दक्षिणेत पोरांना क्रमांकाने हाका मारतात, आणि थोरल्याला 'एक' कोणी म्हणत नाही. पहिल्या पोरावर वाइटाची नजर असते, म्हणून मोजणी दोनापासून. थोरला 'हाय' म्हणजे दोन, पाठचा 'बा' म्हणजे तीन. मी साउ, म्हणजे सहा. आईचं पाचवं अपत्य. थुआनला गावभर बा थुआन म्हणायचे, म्हणजे दुसरा मुलगा. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण उत्तरेकडचा माणूस 'बा' ऐकतो आणि सरळ 'तिसरा मुलगा' लिहून मोकळा होतो.

तोआनदादाने तसंच लिहिलं होतं.

तोआन उत्तरेतला, थायबिन्हचा. त्याचा धाकटा भाऊ दिएन सैनिक म्हणून दक्षिणेत आला आणि इथेच कुठेतरी पडला. लढाई संपल्यावर तोआन त्याला शोधायला आमच्या बेनत्रेत उतरला. भाऊ सापडला नाही, पण माणूस इथेच राहिला, भाताच्या गिरणीत हिशेबनीस झाला. मी तेव्हा पोस्टात होते. 'पत्ता सापडत नाही' अशा शेऱ्याची त्याची पत्रं परत यायची आणि मी ती त्याला नेऊन द्यायची. अशी आमची ओळख. पुढे आम्ही दोघांनी मिळून इतरांचीही माणसं शोधायला सुरुवात केली. दफनभूम्या फिरायच्या, दगडांचे फोटो काढायचे, म्हाताऱ्या सैनिकांना गाठून कोणाला कुठे पुरलं ते विचारायचं आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. माझ्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, शेजारी छोटा देव्हारा. कोणाचा पत्ता लागला की तिथे तीन उदबत्त्या, एक पेला चहा आणि एक पेटवलेली सिगारेट. सिगारेट तोआनची कल्पना. "पोरं होती ती," म्हणायचा, "त्यांना उदबत्ती कशाला हवी?"

आणि मग घरच्यांना फोन. तो नेहमी तोआन करायचा, कारण त्याचा आवाज मऊ. पहिल्याच वेळी मी एका बाईला धाडकन सांगून टाकलं आणि ती जिन्यावरून पडली. तेव्हापासून तोआनने वाक्यच ठरवून टाकलं: "नमस्कार. आपण हुतात्मा अमुक यांचे नातलग बोलत आहात का? बसून घ्या, आणि मग ऐका." शेकडो घरांत त्याने हे वाक्य पोचवलं. फोन ठेवला की परसात जाऊन उगाच कुंड्यांना पाणी घालायचा. त्याच्या घरी असा फोन करणारं कोणी नव्हतं, आणि ते मला दर वेळी खुपायचं.

थुआनच्या नोंदीत चौदा नंबरची कबर लिहिलेली होती, पण पुरती खातरी झाल्याशिवाय घरी सांगायचं नाही हा आमचा नियम. त्या नोंदीत 'तिसरा मुलगा' बघून मी त्याला झापलं होतं. "इतकी वर्षं आमचा भात खाल्लास, अजून मोजता येत नाही?" तो हसून म्हणाला, "तूच सुधार बाई, तुमचं गणितच तिरपागडं." मी सुधारलं. पण त्याआधी सगळ्या नोंदींची एक प्रत मी त्याच्या पेनड्राइव्हवर घालून दिली होती. माझ्या घराला आग लागली, पूर आला, तर त्याच्याकडे असावी म्हणून. एकच प्रत, एकाच माणसाकडे. दुसऱ्या कोणाकडे ठेवायचं माझ्या मनातही आलं नाही.

महिन्यापूर्वी वीज पडली. नारळाचं झाड वाचलं, कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं की दिवासुद्धा लागेना. मी तोआनकडे धावले. तो म्हणाला, "पेनड्राइव्हला बुरशी लागली गं, उघडतच नाही." वर म्हणाला, "तो डबा दे इकडे, मी भंगारात घालतो. तुला ओझं कशाला?" मला वाटलं, किती काळजी करतो. मी मूर्ख. डबा दिला नाही तो निव्वळ आळसाने.

मा तामच्या ओसरीवरून मी उठले ती थेट त्याच्या दारात. तो झुंजीच्या कोंबड्याला आंघोळ घालत होता.

"दादा, पेनड्राइव्ह दाखव."

"सांगितलं ना, बुरशी..."

"मग थुआन आज तिसरा कसा झाला?"

कोंबडं त्याच्या हातातून निसटलं. ते पकडायला तो गेला नाही, त्यावरून मला कळलं. नाकारेल असं वाटलं होतं, निदान तेवढी तरी लाज राखेल. पण तो पायरीवर बसला आणि ओले हात विजारीला पुसत राहिला.

"बुवाने मागितला, मी दिला," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"दिएनसाठी. तो म्हणाला, दफनभूम्यांची माहिती हाताशी असली की आत्म्यांना वाट लवकर सापडते. आधी इतरांचं काम करू, मग तुमच्या भावाला बोलावू. येत्या बुधवारी बोलावणार आहे."

"आणि तुझा विश्वास बसला? तू, उभ्या जिल्ह्याला अक्कल शिकवणारा?"

"तू मला काय दिलंस, साउ?" त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं एकच, 'अजून नाही सापडला'. त्याने मला बुधवार दिला. तू कधी वार दिलास?"

हे माझ्या काळजात गेलं. मी तायनिन्हच्या चिखलात गुडघे फोडून घेतले होते ते कोणासाठी? पण रडायचं नाही असं ठरवून मी म्हटलं, "चौथ्या रांगेचा भरवसा नाही. तिथे पोरांना पुरणारी दवाखान्यातली नर्स, कुक नावाची बाई, माझ्याकडे येऊन गेली. ती म्हणाली, त्या रांगेतले दगड सगळे उलटसुलट बसवलेत. एकेक कबर तिने सांगितली आणि मी लिहून घेतली. तुझी प्रत त्याच्या आधीची आहे. चौदामध्ये थुआन असेलच असं नाही."

"मग कोण आहे?"

"ते कॉम्प्युटरमध्ये आहे."

"म्हणजे नाहीच," तो म्हणाला. "कुक बाई वारल्या. तुझा डबा मेला. म्हातारीला एक पोरगा मिळतोय, मिळू दे. हाडांवर नावं असतात का?"

हाडांवर नावं असतात का! ज्या माणसाने मला शिकवलं की चुकीचं नाव लावणं म्हणजे पोराला दुसऱ्यांदा मारणं, तो हे बोलला. मी त्याच्या अंगणात थुंकले नाही एवढंच. घरी आले, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, स्कूटरवर मांडीत घेतला आणि बाजारात न्युंगकडे गेले.

न्युंग चाळिशीची, तोंडाने फटकळ. मोबाइलची कव्हरं, उसाचा रस आणि कॉम्प्युटर दुरुस्ती, तिन्ही एकाच टेबलावर. तिने डबा उघडला तर आत पालीची अंडी आणि मुंग्यांचं वारूळ.

"मावशी, हा कॉम्प्युटर आहे की प्राणिसंग्रहालय?"

"मेलाय का ते सांग."

"मेलाय. पण मेंदू शाबूत असू शकतो." तिने आतली चपटी डिस्क काढली, वायरीने स्वतःच्या मशीनला जोडली आणि कान लावला. "फिरतेय. पण खरखरतेय. एकदाच नीट वाचून घेऊ, सारखं छळायचं नाही."

दगडांचे फोटो दिसू लागले. मला हुंदका फुटला. ती म्हणाली, "थांबा, रडू नका, फोटो म्हणजे नोंदी नव्हेत." नोंदींचा फोल्डर ती उघडायला गेली तर परवानगी नाही म्हणून मशीन अडलं. जुन्या कॉम्प्युटरचा मालक कोणी वेगळाच, असं त्याला वाटत होतं. तिने मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली. "जमिनीची मालकी इतक्या झटपट झाली असती तर," ती म्हणाली. त्यातली सगळ्यात मोठी फाइल उचलून तिने प्रोग्रामला दिली. प्रोग्राम म्हणाला, बिघडलेली आहे, उघडता येत नाही.

न्युंगने उसाच्या रसाचा अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला.

"माझी घाई नडली. ही काय पत्र्याची पेटी नाही, की एक डबा उचलला आणि झालं. या मोठ्या फाइलीसोबत या बारक्या आहेत ना, त्यात शेवटच्या दिवसाचं काम असतं. वीज पडली तेव्हा ते अजून आत मुरलेलं नव्हतं. सगळं कुटुंब एकत्र हलवायला हवं."

मग तिने अख्खा फोल्डर उचलला, एकही फाइल न सोडता. मध्ये डिस्क कटकट वाजून थांबली. न्युंगने तिला पंख्यापुढे धरलं, गार केलं, पुन्हा लावलं. रसाला आलेल्या गिऱ्हाइकांना तिने हाकललं. "आज रस नाही, आज बाळंतपण आहे." प्रोग्रामही त्याच जुन्या आवृत्तीचा लागतो म्हणाली, नव्याला जुनं घर ओळखता येत नाही. तो तिने कुठल्याशा धूळभरल्या सीडीवरून घातला. पडद्यावर आलं, आधीचं काम अर्धवट राहिलं होतं, पूर्ण करत आहे. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. आणि आमचा पडदा उघडला. आमचाच तो, कोपऱ्यात तोआनने लावलेल्या कमळासकट.

कुक बाईंनी सांगितलेली रांग जशीच्या तशी होती. विजेच्या आधल्या दिवसांत मी ती भरली होती. पण बाईंना खरी नावं ठाऊक नव्हती. दवाखान्यात सगळी पोरं टोपणनावांनी ओळखली जायची: मगर, बगळा, सुकट, नवरदेव. मी ऐकत गेले, टाइप करत गेले. त्याच सुमारास उत्तरेतल्या निवृत्त सैनिकांनी त्यांच्या तुकडीची भलीमोठी यादी पाठवली होती, टोपणनाव आणि खरं नाव अशी. तीही मी न वाचता आत ओतून ठेवली होती. कुठल्या कबरीत कोण हे त्या दोन याद्या एकमेकींना भेटल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांची भेट घालून द्यायच्या आधीच वीज पडली.

ती भेट मी न्युंगच्या टेबलावर घातली.

थुआन नव्या क्रमाने रांगेच्या अगदी टोकाला निघाला. 'नारळवाला', दुसरं काय म्हणणार आमच्या गावच्या पोराला? म्हणजे मा तामला मुलगा मिळाला. मी हात जोडले आणि वर चौदाव्या ओळीकडे बघितलं. तिथे 'बगळा' होता. बगळ्यापुढे लिहून आलं होतं: वू दिन्ह दिएन, थायबिन्ह.

"मावशी, काय झालं?" न्युंगने विचारलं.

मी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. शनिवारी कुदळ कोणावर पडणार होती ते मला समोर दिसत होतं. तोआन स्वतः जाणार होता, बुवाच्या वतीने अंडं धरायला. स्वतःच्या भावाची हाडं त्याने हाताने उचलून दुसऱ्याच्या नावाने पोत्यात बांधली असती, आणि बुधवारी बुवापुढे बसून विचारलं असतं, माझा दिएन कुठे आहे? खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, होऊ दे. करावं तसं भरावं. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, कारण इतकं जवळचं कोणी नव्हतंच.

मी कागद छापून घेतले आणि मा तामकडे गेले. ती सुपारी कुटत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बुवाचं, कॉम्प्युटरचं, रांगेच्या टोकाचं. तोआनचं नाव घ्यायला जीभ वळेना, पण घेतलं. तिने कागदावरच्या फोटोतल्या दगडावर अंगठा फिरवला. टोकाची कबर, शेजारी काजूचं झाड.

"सावली आहे," ती म्हणाली. "बुवा खोटा हे मला वाटलंच होतं. थुआन मला कधी 'आई' म्हणत नव्हता, 'म्हातारे' म्हणायचा. पण म्हटलं, बोलतोय तर बोलू दे, कोणी तरी बोलतंय." तिने डोळे पुसले. "आता शनिवारी टोकाला खणायचं. चौदाला कोणी हात लावायचा नाही, मी सांगते पोरांना. पण काय गं, चौदात कोणाचा आहे?"

"तोआनचा भाऊ."

म्हातारीने हातातला बत्ता खाली ठेवला.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. आणि मी नाही सांगणार. जाऊ दे की बुधवारी बुवाकडे, तो सांगेल."

"साउ," मा ताम म्हणाली, "त्याच्या घरी कोणीतरी वाट बघतंय ना? मग आधी तिकडे फोन लाव. शिव्या नंतर दे, हव्या तितक्या. मीही देईन."

मी फोन काढला. त्याचा नंबर मला पाठ होता. वाजत असताना मी ठरवलं होतं, ओरडायचं, विचारायचं, मला विकताना तुझा हात थरथरला का? त्याने उचलला.

"साउ? बोल. अजून रागावली आहेस का?"

तो आवाज ऐकला आणि मला कळलं की या माणसाशी आता माझं बोलायचं काही उरलेलं नाही. ना शिव्या, ना दादा. उरलं होतं ते एकच वाक्य, त्यानेच ठरवलेलं. इतकी वर्षं ते वाक्य त्याला ऐकवायला मिळावं म्हणून मी दफनभूम्या पालथ्या घातल्या होत्या. त्या दिवशी कोणत्या आवाजात ते म्हणायचं, हेही मी कितीदा मनात घोळवलं होतं. तो आवाज आता येईना. अनोळखी माणसाशी बोलावं तसं मी म्हटलं:

"नमस्कार. आपण हुतात्मा वू दिन्ह दिएन यांचे नातलग बोलत आहात का?"

"साउ, ही कसली चेष्टा..." आणि तो थांबला. पलीकडे कोंबडं आरवत होतं. "साउ? तू मला 'आपण' का म्हणतेस?"

"बसून घ्या," मी म्हटलं. "आणि मग ऐका."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.